पाठमोरा

सहा जणांची तोंडं जर्मनीकडे,
माझं एकट्याचं लिंकनशरकडे.
लँकेस्टरच्या शेपटीला टांगलेला काचेचा पिंजरा,
त्यात चार बंदुका आणि मी, विल्फ गारबट,
वय एकोणीस, उंची पाच फूट चार,
म्हणूनच तर तिथे मावलो.

निघण्याआधी ज्याचं त्याचं काहीतरी ठरलेलं.
पिकेट पेन्सिलींना टोक काढायचा, पाच म्हणजे पाचच;
शाळामास्तर होता, नकाशावरच्या रेघाही
पोरांच्या वहीत आखल्यासारख्या आखायचा.
जमैकाच्या लसेल्सच्या बुटात आईनं पाठवलेलं जायफळ.
टर्विल मागच्या चाकावर मुतायचा,
आणि नवा विंग कमांडर एकदा नेमका तिथेच आला
तरी मधेच थांबला नाही.
हसा खुशाल. तीस फेऱ्या झाल्या आमच्या,
तिसाव्या पहाटेही सातच्या सात उतरलो.
शेजारच्या खोलीत मात्र खाटा त्याच,
चादरीखालची माणसं नवी.

विजेच्या तारांचा अंगरखा होता मला,
डाव्या पायाची तार तुटकी.
तो पाय अजून जूनमध्येही गार पडतो.
समोरची काच मी कापून घेतली होती,
काचेवरचा डागसुद्धा शत्रूचं विमान वाटतो म्हणून.
पापण्यांवर बर्फ धरायचा.
आणि दर पंधरा मिनिटांनी कानात हॅलम:
"मागे, आहेस ना?"
"आहे."
आवाजाची तार बिघडली, तर दिव्याचं बटण
दोनदा दाबायचं. त्याचा अर्थही तोच.
मेव्हिसशी चौतीस वर्षं संसार केला,
इतक्या वेळा 'आहे' तिलाही म्हटलं नसेल.

काय दिसायचं, म्हणून विचारतात.
जाताना काहीच नाही.
टर्विल "गेले" म्हणायचा, वजन उतरून विमान उसळायचं,
हॅलम वळवायचा. त्यांच्यापुरतं शहर तिथेच संपलं.
माझ्यापुरतं सुरू व्हायचं.
आधी परातीएवढं,
मग बशीएवढं,
मग सिगारेटच्या टोकाएवढं,
आणि समुद्र लागला तरी विझायचं नाही.
मी त्याच्याकडे बघत बघत घरी यायचो.
घरी म्हणजे बेकन, रम घातलेला चहा, खरं अंडं.
अंडं मी कधी ताटात टाकलं नाही.
तेही सांगायला हवं.

थॉर्नबी फेनच्या धावपट्टीवर आता बीट पिकतं.
काँक्रीटचा एक तुकडा उरलाय,
त्यावर क्लेटनचं पोरगं मोटार शिकतं.
माझ्या कुंपणापलीकडे गेर्डा.
बावन्न साली इथल्या सुताराशी लग्न करून आली,
कासेलहून.
माझ्या लॉगबुकात अकराव्या ओळीवर आहे ते नाव.
तिच्या प्लमच्या फांद्या माझ्या अंगणात वाकतात,
माझे वाटाणे तिच्या पातेल्यात शिजतात.
सदतीस वर्षं. तिच्या गावाचा विषय
दोघांनीही कधी काढला नाही.

परवा ती शिडीवर, मी खाली शिडी धरून.
फांदीतूनच म्हणाली,
"विल्फ, विमानात तू कुठे बसायचास?"
"शेपटीत. पाठमोरा."
तिनं एक प्लम चाचपलं, कच्चं म्हणून सोडून दिलं.
"म्हणजे सगळ्यांत शेवटी तू निघालास आमच्याकडून."
मी टोपलीत बघत राहिलो.
"शेवटचा आवाज गेला, की आई मेणबत्ती लावायची.
त्या रात्री काड्या ओल्या होत्या."

पुढचं ती बोलली नाही.
दोन प्लम टोपलीत पडले, एक हुकून गवतात.
वारा आला, शिडी जराशी सरकली.
"विल्फ? आहेस ना?"

घसा धरला होता.
मी लाकडावर बोट वाजवलं,
दोनदा.